काचेमागचा समुद्र

दोस्तांनो, रत्नागिरीला आलात की झाडगावचं मत्स्यालय चुकवू नका. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे ते. देवमाशाचा सांगाडा बघाच, पण रंगीत माशांपुढे जरा जास्त थांबा.

अशी खाऱ्या पाण्याची टाकी घरी हवीशी वाटेल. पण पाणी नितळ दिसलं तरी फसू नका हं! विष्ठा, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिले दोन जहाल. नायट्रेट सौम्य, पण साठत जातं, आणि मासे हळूहळू मलूल होतात. समुद्रात शेवाळ ते शोषून घेतं. घरी मात्र १०० लिटरमधलं १० लिटर पाणी आठवड्याला बदलायचं. नव्या पाण्यात सुमारे ३५० ग्रॅम समुद्री क्षार घालायचे, स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे! आणि खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.