द्राक्षापाक

संस्कृत काव्यशास्त्राने काव्याच्या परिपक्वतेसाठी फळांची परिभाषा योजली. ज्याचा रस आतबाहेर सारखाच स्फुरतो तो द्राक्षापाक. ज्याचा रस कवटीआड दडलेला असतो तो नारिकेलपाक. इटलीतल्या बारोलो या लाल वाइनपाशी ही परिभाषा अडखळते. बारोलो द्राक्षांचीच, नेबिओलो या एकाच जातीची. पाक मात्र नारळाचा.

पिएमोन्ते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर हे द्राक्ष उशिरा, बहुधा ऑक्टोबरच्या धुक्यात, उतरते. आम्लता आणि टॅनिनचा तुरटपणा दोन्ही इतके की नव्या बारोलोने जीभ आकसते. कायद्याने ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांपैकी १८ लाकडात. ‘रिझेर्वा’ म्हणवायची तर ६२. पण कायदा ठरवतो ती विक्रीची वेळ. बूच केव्हा काढायचे, हा प्रश्न पुढे वीस-तीस वर्षे मालकाच्या तळघरात पडून राहतो.

तो सुटत नाही, कारण इथे पुरावा तपासला की नष्ट होतो. संहिता कितीदाही वाचावी, ती उरते. फसलेल्या वाचनाने कविता खर्ची पडत नाही. बाटलीचे वाचन एकदाच. बारा बाटल्यांची पेटी असेल तर दर दोन-तीन वर्षांनी एकेक उघडून अंदाज बांधता येतो. परंतु तो पक्का होईतो शेवटचीच बाटली उरते, आणि तिचे बूच इतर अकरांसारखेच वागले असेल याची हमी कोणी देत नाही. एकाच पिंपातून भरलेल्या बाटल्याही तीस वर्षांत परस्परांहून भिन्न होतात. बाह्य खुणा थोडेच सांगतात. मानेतली पातळी फार खाली गेली असेल तर हवा शिरली, एवढे कळते. रंगावर तर विसंबूच नये: नेबिओलो तारुण्यातही फिकट असते आणि लवकर विटकरी होते; इतरत्र जी वार्धक्याची खूण ती इथे निव्वळ स्वभाव. शिवाय मधली काही वर्षे ती मुकी होते. फळाचा वास मावळलेला, सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा आणि डांबराचा अजून पुरता उमललेला नसतो. या मौनात उघडणारा तिला मेलेली समजतो.

ही प्रतीक्षाच नाकारणारी पिढी १९८० च्या दशकात उभी राहिली. एलिओ आल्तारे या तरुण उत्पादकाने वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापली. वडिलांनी त्याला वारशातून वगळले. नव्या फ्रेंच लाकडाची लहान पिंपे आली, सालींसह रस भिजत ठेवण्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आला. परंपरेच्या बाजूने बार्तोलो मास्कारेल्लो (मृत्यू २००५) यांनी हाताने रंगवलेल्या लेबलावर त्या लहान पिंपांना आणि बेर्लुस्कोनींना एका दमात नकार दिला. या वादाला ‘जुने विरुद्ध नवे’ असे जे रूप मिळाले ते वरवरचे होय. आस्वादकाला किती काळ थांबवण्याचा निर्मात्याला अधिकार आहे, हा त्यातला खरा प्रश्न. मर्ढेकरांच्या निमित्ताने मराठीत झालेल्या दुर्बोधतेच्या चर्चेतही तो होताच. बारोलोपुरता तो पुढे उन्हानेच काहीसा बोथट केला. उन्हाळे तापत गेले तशी द्राक्षे अधिक पिकू लागली आणि परंपरावाद्यांची वाइनही लवकर बोलू लागली.

तरीही २०१६ सालची बारोलो पन्नाशीत विकत घेणारा मनुष्य हिशेब वाइनच्या वयाचा करत नसतो. २०४५ मध्ये ती बहुधा तयार असेल, त्याचे काय? वास ओळखणारे नाक त्या वेळी तेवढेच तल्लख असेल का, समोर बसायला कोण असेल? मोंताल्चिनोच्या बिओंदी-सांती घराण्याने १८८८ आणि १८९१ च्या ब्रुनेल्लोच्या काही बाटल्या पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. जुन्या बाटल्यांची बुचे बदलायची, आटलेली जागा त्याच सालच्या वाइनने भरायची, म्हणजे काही वाचवण्यासाठी एक बाटली मोडायची, ही त्यांची रीत होती. घराण्याला हे परवडते. एकट्या माणसाला आपल्या मागे बाटली ठेवणे म्हणजे ती लिलावाला ठेवणे.

म्हणून जाणते लोक तारीख वाइनवरून न ठरवता पाहुण्यांवरून ठरवतात. माणसे येणार हे नक्की झाले की आडवी बाटली एक-दोन दिवस आधी उभी केली जाते, म्हणजे गाळ तळाशी बसतो. त्यानंतर ती कोणी पुन्हा आडवी करत नाही.