काळ्या काचेआडून

वेल्डिंग हे काही शिकायचं काम नव्हे, अशी माझी ठाम समजूत होती. कांडी टेकवली, ठिणग्या उडाल्या, लोखंड चिकटलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, त्यात आमच्या घरावरचे पत्रे उडाले. नवा सांगाडा करायला आलेल्या वेल्डरदादाशी मी घासाघीस केली. अँगलचे, पत्र्याचे पैसे मुकाट्याने दिले. कापली ती मजुरी. सांधे घासून रेड ऑक्साइड मारायचे पैसे तर उडवूनच लावले. हाताच्या कामाला किंमत नाही, हे मी मनात धरूनच होतो. लाज वाटते आता.

पुढे खाऱ्या हवेने फाटक खाल्लं, तेव्हा सिंगल फेजवर चालणारं छोटं इन्व्हर्टर मशीन घेतलं. 2.5 मिलिमीटरच्या 6013 कांड्या, चामडी हातमोजे, काचेचा मुखवटा. कांडी चिकटायची. करंट वाढवला की पातळ चौकोनी पाइपला भोक. वरून छान दिसणारी खपली ठोकून काढली, तर खाली फट तशीच.

एकदा दादा सहज डोकावले. त्यांनी करंट 70 अँपिअरच्या आसपास आणला आणि म्हणाले, "ठिणग्यांकडं काय बघताय? रसाकडं बघा."

मी बघितलं. काचेआडून तो डोळे दिपवणारा लखलखाट नाहीसाच झाला होता. उरलं होतं वाटाण्याएवढं एक उजळ डबकं. कांडी जवळ ठेवली की आटोपशीर, लांब गेली की पसरट. जरा रेंगाळलो की मध्येच खचायला लागायचं. भोक पडायच्या आधी लोखंड सांगत होतं तर! इतकी वर्षं रस्त्यावरून जाताना वेल्डिंग दिसलं की मी नजर वळवली होती आणि न बघताच त्या कामाचं मोल ठरवलं होतं. डोक्यावरचा सांधा मारताना हाच रस खाली ओघळतो. दादांनी शिडीवर उभं राहून तसे कितीतरी सांधे मारले होते, आणि मी खाली उभा राहून भाव पाडत होतो.

जाताना त्यांनी बजावलं, "जीआय पाइप असला तर आधी जस्त घासून काढा. तो धूर छातीत गेला की ताप भरतो."

छपराचा सांगाडा आता गंजतोय, तो नेमका सांध्यांपाशी. खालचे सांधे मी घासून रंगवतोय. वरचं काम दादांनाच सांगितलंय, त्यांनी सांगितलेल्या मजुरीत.