आजींचा आवाज राहिला, चेहरा पुसट झाला

आमच्या वस्तीत एक आजी होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आईवडिलांसोबत पांढरे कपडे घालून त्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. ही आठवण जपावी म्हणून विहारातील आम्ही काही जणांनी एका मित्राचा हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर मागून आणला आणि त्यांचे तीन तासांचे चित्रण केले. निघताना आजी म्हणाल्या, "लवकर दाखवजो रे बाबू."

संकलनाचे काम मी अंगावर घेतले. माझा लॅपटॉप जुना, मेमरी ४ जीबी. चित्रण तासाला सुमारे १० जीबी. चालवू जावे तर आवाज पुढे, चित्र मागे; एक तुकडा कापायला पाच मिनिटे. नवा लॅपटॉप घेऊ, मग करू, असे म्हणत मी महिने घालवले. कारकुनाच्या पगारात लॅपटॉप काही आला नाही. आजी मात्र गेल्या.

पुढे विहारातल्या एका तरुणाने कारण समजावून सांगितले. असा कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. मधूनमधून एक पूर्ण चित्र, बाकीच्यांत फक्त झालेला बदल. म्हणून मधलेच एक चित्र दाखवायला यंत्राला मागची साखळी उलगडावी लागते. त्यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी, अर्थात छोटी प्रत. १९२० बाय १०८० च्या चित्राची ६४० बाय ३६० ची प्रत करायची. ठिपके नऊपट कमी होतात. कापाकापी त्या प्रतीवर करायची आणि शेवटी संगणक तेच काप मूळ चित्रणावर लावून फिल्म तयार करतो. केडीएनलाइव्ह या मोफत प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. माझ्या त्याच लॅपटॉपवर काम भराभर होऊ लागले. पैशासाठी थांबण्याची गरजच नव्हती!

पण एक चूक मी केलीच. डिस्क भरली, तेव्हा छोटी प्रत आहे ना, म्हणून एका भागाचे मूळ चित्रण पुसून टाकले. कॅमेऱ्याचे कार्ड तर कधीच रिकामे करून परत दिले होते. नेमका तो भाग २२ प्रतिज्ञांचा होता.

पहिल्या स्मृतिदिनी विहारात पडद्यावर फिल्म लावली. तो भाग आला आणि आजींचा चेहरा विरघळल्यासारखा झाला. त्यांची लेक हळूच म्हणाली, "आवाज तं आईचाच हाय भाऊ, पण तोंड काऊन दिसत नाही?" मला उत्तर देता आले नाही.

बंधूंनो, भगिनींनो, १९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूलही आज ऐंशीच्या घरात आहे. आपल्या माणसांचा इतिहास दुसरा कोणी लिहून ठेवणार नाही. घरात जे यंत्र आहे, त्यावर आजच सुरुवात करा. काम छोट्या प्रतीवर करा, पण मूळ चित्रण दोन ठिकाणी जपून ठेवा. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल. माणूस मिळणार नाही.

जयभीम!