सेक्टर १७ मधली दुनळी

कॉलेजात असताना सायबर कॅफेत ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळून पॉकेटमनी उडवला असेल, तर त्यातली ‘एक्सएम१०१४’ आठवेलच. चाप दाबत राहायचं, समोरचे सगळे आडवे! तिचा खरा अवतार म्हणजे इटलीची बेनेली एम४, अमेरिकन मरीन्सची शॉटगन. बार उडाला की त्याच्याच गॅसच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत सरकतं. साडेअठरा इंचांची नळी, म्हणजे अरुंद जिन्यातही सहज वळवता येणारी.

हे सगळं आठवलं ते वाशीच्या सेक्टर १७ मध्ये. शुक्रवारची संध्याकाळ, खिशात पन्नास रुपये आणि एटीएमपुढे कॅश व्हॅन. रांग थांबलेली. माझ्या गुडघ्यापासून वीतभरावर एक नळी. नळी कसली, दोन नळ्या! दस्त्याला इन्शुलेशन टेप गुंडाळलेली ती बाराबोअर दुनळी पाहून मी बोलून गेलो, ‘‘काका, या जमान्यात ही? दोनच बार?’’

काका साताऱ्याकडचे, रिटायर्ड फौजी. नळी जमिनीकडे ठेवूनच म्हणाले, ‘‘साहेब, तिसरा बार मारायची वेळ आली तर तुमच्यातलाच कुणीतरी पडंल.’’

मी मागे वळून पाहिलं. भेळवाला, क्लासमधून सुटलेली पोरं, बस पकडायला पळणाऱ्या बायका. छर्रे काही रांगेत उभे राहत नाहीत, ते पसरतात. गेममध्ये हे कुठे कळतं?

मग काका खुलले. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं, म्हणून ती बाराबोअर. काडतुसं खडकीच्या कारखान्यातली, ‘शक्तिमान’ छापाची. (टीव्हीवरचा तो नव्हे!) बंदूक त्यांची स्वतःची, लायसन्सही त्यांच्याच नावाचं. बंदूक आहे म्हणून पगार थोडा जास्त. बार चुकला तर मात्र कोर्टात उभं राहायचं काकांनीच. इतक्या वर्षांत ड्युटीवर एकही उडवलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि ती बेनेली? आपल्याकडे ती दोनदा नापास. शस्त्र नियमांत सेमी-ऑटोमॅटिक बंदूक निर्बंधाच्या यादीत, आणि वीस इंचांहून आखूड नळीची छर्र्यांची बंदूकही त्याच यादीत. साध्या लायसन्सवर मिळायचीच नाही. मला तरी हे बरंच वाटलं.

मी जुईनगरला राहतो, वाशीपासून दोन स्टेशनं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे सेक्टर ११ मधल्या बँक ऑफ बडोदाची लॉकर रूम फुटली. चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, दुकान थाटलं आणि आतून सुमारे पंचवीस फुटांचा बोगदा खणून तीस लॉकर रिकामे केले. बंदूक नाही, आरडाओरडा नाही. शेजाऱ्यांना वाटलं, किराणा विकतायत. सिडकोने आखलेल्या आपल्या या शिस्तीच्या शहरात बाजूच्या गाळ्यात नवा कोण आला, हे विचारायची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे? मला तर समोरच्या फ्लॅटवाल्यांचं आडनावही दारावरच्या पाटीवरूनच कळलं.

काकांना जुईनगरची गोष्ट माहीत होती. म्हणाले, ‘‘तिथं मी दारात उभा असतो तरी काय केलं असतं? सलाम ठोकला असता दुकानदाराला.’’

तेवढ्यात आतलं शटर वर गेलं. काकांनी रांगेला हाताने बाजूला व्हायला सांगितलं, रिकाम्या पेट्या गाडीत चढू दिल्या, दोन्हीकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी स्वतः चढले. टेप लावलेला दस्ता मांडीवर, नळी वर छताकडे. व्हॅन पाम बीचच्या दिशेने गेली.

रांगेत माझा नंबर सातवा होता. मशीनमधून फक्त पाचशेच्या नोटा येत होत्या.