दुसऱ्या मणक्याचा स्क्रू

गेल्या वर्षापासून माझा उजवा अंगठा ड्रिल फार वेळ धरू देत नाही. म्हणून मानेच्या ऑपरेशनात डावी बाजू आता समोर उभी असलेली माझी विद्यार्थिनी करते. डावी व्हर्टिब्रल धमनी बऱ्याचदा मोठी असते. तीच बाजू तिच्या हाती देताना माझा जीव खालीवर होतो.

मानेच्या पहिल्या मणक्याचं मला काही वाटत नाही. शिरांच्या जाळ्यातून रक्त आलं तरी दाबून धरलं की थांबतं. अडतं ते दुसऱ्यापाशी. स्क्रू ३.५ मिलिमीटरचा, आत मज्जारज्जू, बाहेर धमनी. काहींची धमनी इतकी वर चढलेली असते, की मधे स्क्रूपुरतंही हाड उरत नाही. ड्रिलखाली मऊ हाड वाट देतं, मग अचानक कडक लागतं. त्या कडकपणातली भिंत कोणती आणि नुसती गाठ कोणती, हे बोटाला कळतं. मला ते अजून कुणाला शिकवता आलेलं नाही.

आळंद, भालकी, बसवकल्याणकडून गुलबर्ग्याला येणाऱ्यांत बाइकवरून पडलेले असतात, तसे जन्मापासून या दोन मणक्यांमधला जोड सैल असलेलेही. वर्षानुवर्षं तोल जातो, हात बधिर होतात आणि घरचे लकव्याचं औषध देत राहतात.

हा जोड पक्का करायला मुंबईतल्या केईएम रुग्णालयाच्या गोयल आणि लाहेरी यांनी १९९४मध्ये प्लेट-स्क्रूची पद्धत मांडली, ती सांधा उघडून, कूर्चा खरवडून. २००१मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांचे फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि रॉड आले. काम सोपं झालं आणि सांधा नीट तयार करणं मागे पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. टायटॅनियम नुसतं धरून ठेवतं; हाड जुळलं नाही, तर ते आज ना उद्या ढिलं होतं किंवा तुटतं.

एक्स-रेवर स्क्रू जोडीनं, सारख्या कोनात उमटावेत, याचा मला हव्यास आहे. परिषदेत ती स्लाइड मी मुद्दाम रेंगाळत ठेवतो. परवा माझी विद्यार्थिनी म्हणाली, “सर, डावीकडे जागाच नाही. लॅमिनात घालू?” लॅमिनातला, म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीतला स्क्रू आडवा, तिरपा दिसतो. माझ्या एक्स-रेत तसा स्क्रू! पोटात कळ आली. पण सीटीवरची धमनीची वाट तिनं बरोबर वाचली होती. तिनं तो लॅमिनातच घातला.

या भागातल्या तरुण सर्जनांना विनंती आहे. रिपोर्टवर विसंबू नका. दोन्ही बाजूंची धमनी सीटीवर स्वतः बघा. हाड अपुरं असेल तर लॅमिनाकडे वळा. राइट यांनी तो मार्ग २००४मध्येच दाखवून ठेवला आहे.