‘नाइस’ शब्दाची वंशावळ

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलास ‘नाइस’ म्हणजे काय, असें विचारावें. तो तत्काळ ‘चांगला’ असें उत्तर देतो. आंबा नाइस, पाऊस नाइस, आजोबाही नाइस! येथवर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पुढें वाचनांत ‘नाइस डिस्टिंक्शन’ हे शब्द आले, कीं तोच मुलगा ‘चांगला भेद’ असें भाषांतर करून निश्चिंत होतो. ग्रंथकाराच्या मनांत असतो तो सूक्ष्म भेद, क्षणभर थांबल्यावांचून न दिसणारा. कायद्यांतील ‘नाइस पॉइंट’ही गोड नसून नाजूक असतो. अशा वेळीं वडील मंडळींनीं शब्दकोश पुढें सारून मोकळें होऊं नये, असें आम्हांस वाटतें. मुलास त्या शब्दाची वंशावळ सांगावी.

लॅटिनमध्यें ‘ने’ म्हणजे नाहीं (आपल्या ‘न’चाच हा भाऊबंद) आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणें. त्यांपासून ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञ. हा शब्द फ्रेंचच्या वाटेनें इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजींत आला, तेव्हां त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढें तो अतिशय चोखंदळ मनुष्यास लागूं लागला. चोखंदळाची नजर बारीक, म्हणून ‘सूक्ष्म’. आणि अठराव्या शतकांत ‘आल्हादक’.

हें ऐकून मुलें हंसतात. मूर्खाचा मनोहर कसा झाला? तेव्हां त्यांस आपल्या घरचें ‘मुग्ध’ हें विशेषण दाखवावें. ‘मुह्’ धातूपासून ‘मूढ’ व ‘मुग्ध’ हीं दोन्ही रूपें होतात. पाणिनीनें दोहोंस अनुमति दिली आहे. एक भाऊ मूर्खच राहिला. दुसरा भांबावलेला, मग भोळा, आणि त्या भोळेपणामुळेंच सुंदर झाला. साहित्यशास्त्रांतील मुग्धा नायिकेस कोणी मूर्ख म्हणत नाहीं.

मात्र ‘आल्हादक’ झाल्यावर ‘नाइस’ फार झिजला. जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या १८१७ अखेर प्रसिद्ध झालेल्या कादंबरींत हेन्री टिल्नी याच शब्दाच्या सरसकट वापराची थट्टा करितो. आमच्याकडे ‘छान’वर तीच पाळी आली आहे: भाजी छान, भजन छान, निबंधावरील शेराही छान.

एखाद्या दिवशीं मुलास ‘नाइस’ वर्ज्य करून पाहावें. आंबा लगेच ‘स्वीट’ होतो, पाऊस ‘जेंटल’ होतो. आजोबांसाठीं मात्र त्यास पुष्कळ वेळ विचार करावा लागतो.