एकसष्ट रफार

दादाच्या मोटरहोमच्या छपरावर जेवढी सामग्री आहे तेवढी वहिनींच्या ओट्यावर नाही. एक पालथ्या वाटीसारखी अँटेना, एक काठीसारखी उंच होणारी, आणि खाली कपाटात बूस्टर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घातलेला राउटर आणि वायरींचं भेंडोळं. दादा अडुसष्ट वर्षांचा. सॅक्रामेंटोजवळ राहतो. निवृत्त झाल्यावर त्याने ही पंचवीस फुटी सेकंडहँड गाडी घेतली. गाडी चालवतात वहिनी. दादाकडे छप्पर.

मी पुण्याहून निघाले तेव्हाच त्याने फोनवर बजावलं होतं, "तुझी ती लिखाणाची कामं खुशाल घेऊन ये. आपलं घर चालतंफिरतं आहे आणि घरात इंटरनेट आहे." यातलं पहिलं वाक्य मी खरं धरलं. चूक तिथेच झाली.

आम्ही निघालो हायवे 50 ने, नेवाडा आडवं कापत. 1986 साली लाइफ मासिकाने या रस्त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. जगायचं कसं ते येत असेल तरच इकडे फिरका, असा सूर होता. नेवाडाच्या लोकांनी रडत न बसता त्याचीच जाहिरात केली. वाटेवरच्या गावांत प्रवाशांच्या पुस्तिकेवर शिक्के मारून मिळतात. वहिनी ते शिक्के हळदीकुंकवाच्या वाणासारखे गोळा करत होत्या. रस्ता म्हणजे एक डोंगररांग, तिच्यातली खिंड, मग पाटासारखं सपाट खोरं, पुन्हा रांग, पुन्हा खिंड. फोनला रेंज गावात येते, कधी खिंडीच्या माथ्यावर. खोऱ्यात उतरलं की संपली. कोकणात आमच्या आजोळीही हेच होतं. विहिरीजवळच्या फणसाखाली दोन दांड्या यायच्या, म्हणून सगळं घर फोन घेऊन फणसाखाली. पण तिथे फणस वीस पावलांवर होता.

फॅलन सोडता सोडता माझा फोन वाजला. पुण्याहून संपादकांची मेल. दिवाळी अंकातल्या माझ्या लेखाचं प्रूफ, बारा पानं. खाली एकच ओळ: उद्या सकाळी दहाला फर्मा छपाईला जातोय, त्याआधी दुरुस्त्या हव्यात. पुण्यातले सकाळचे दहा म्हणजे आमच्याकडे त्याच रात्रीचे साडेनऊ. फाइल उतरली आणि लगेच रेंज गेली.

लेख आमच्या वडिलांवर होता. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मी पहिलं पान उघडलं आणि वाचलं: "बाबा वगात उभे राहिले की सगळे चिडीचूप."

वगात! माझे बाबा, ज्यांनी जन्मात तमाशाच्या तंबूकडे मान वळवून पाहिलं नाही, ते वगात उभे होते. पुढे पंढरपूरला जाऊन त्यांनी विठ्ठलाचं 'दशन' घेतलं होतं. माझ्या युनिकोड मजकुराचं छापखान्याच्या जुन्या फाँटमध्ये रूपांतर करताना सगळे रफार गळून पडले होते. सर्व झाले सव, मार्ग झाला माग, सूर्याचा सूय. अशी प्रूफं मी पूर्वी पाहिली आहेत. पण दुसऱ्याच्या वडिलांवरच्या लेखाची. तेव्हा हसले होते.

"वाच तू," मी दादाला म्हटलं. मूळ लेख माझ्या लॅपटॉपवर होता, प्रूफ टॅबलेटवर. जुन्या छापखान्यांत एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर खुणा करायचा, तसं आम्ही मागच्या छोट्या टेबलापाशी बसलो. दादाने लेख आधी वाचला नव्हता. त्रेचाळीस वर्षं इथे काढल्यावर त्याचं मराठी वाचन बैलगाडीच्या वेगाचं झालंय, पण आज तेच कामी आलं. तो प्रत्येक रफार र-र-र असा घोळवून म्हणायचा, मला चुकू नये म्हणून. "वर्र्गात. सर्र्व मुलं." मध्येच थांबून सांगायचा, "खडू डाव्या हातात असायचा गं त्यांच्या." मी तीही दुरुस्ती केली. फक्त एका ठिकाणी तो भरभर वाचून गेला, 1982 चा परिच्छेद, तो अमेरिकेला निघाला तेव्हाचा. तिथे मी त्याला थांबवलं नाही.

मोजून एकसष्ट रफार झाले.

वाटेत सँड माउंटनपाशी पाय मोकळे करायला उतरलो होतो. वाळूच्या त्या प्रचंड डोंगराच्या पायथ्याशी पोनी एक्स्प्रेसच्या एका ठाण्याच्या दगडी भिंती उरल्या आहेत, जेमतेम कमरेइतक्या. एरवी मी पाट्या वाचत नाही, पण हातात पाठवायची फाइल असली की माणूस वाचतो. मिसूरीतल्या सेंट जोसेफपासून सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे 1,900 मैल, आणि घोडेस्वार टपाल दहा दिवसांत पोचवायचे. दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलायचा. पत्रांच्या चार कप्प्यांचं चामड्याचं आवरण एका खोगिरावरून उचलून दुसऱ्यावर टाकायचं की निघाला. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर, त्यामुळे लोक पातळ कागदावर लिहायचे. मला ही माणसं एकदम ओळखीची वाटली. फाइल लहान करून पाठवा, म्हणणारी. हे सगळं चाललं मात्र जेमतेम दीड वर्ष, एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861. 24 ऑक्टोबरला सॉल्ट लेक सिटीत पूर्वेची आणि पश्चिमेची तार जोडली गेली आणि दोन दिवसांत घोड्यांना निरोप मिळाला. दादा म्हणाला, "बघ, तंत्रज्ञानापुढे कोणाचं चालत नाही." त्याचा स्वतःचा राउटर तेव्हा तांबडा दिवा दाखवत होता.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो. जागेच्या जाहिरातीत झाडं, गरम पाणी आणि वायफाय अशी तीन आश्वासनं होती. झाडं होती, पाणी कोमट होतं. मालकाने कागदाच्या चिठोऱ्यावर पासवर्ड लिहून दिला. फोन म्हणाला, जोडलं गेलं. आणि मग ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं. मी पुन्हा ऑफिसात गेले. मालक टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "आहे की वायफाय. इथे पायरीवर बसलात तर कधीकधी हवामान दिसतं."

मला हवामान नको होतं. हवामान मला खिडकीतून दिसत होतं. दुसरं कोणी शेजारी असतं तर हात पसरला असता. आदल्या रात्रीच्या कॅम्पवर निम्म्या गाड्यांपुढे उपग्रहाच्या थाळ्या पापड वाळत घातल्यासारख्या मांडल्या होत्या. इथे आमच्याखेरीज दोन तंबू होते आणि ते निजले होते.

दादाने काठी उंच केली. बूस्टर लावला. गाडीची दिशा, मग अँटेनाची दिशा, मग स्वतःची दिशा बदलून पाहिली. अर्ध्या तासाने वहिनी कुकरवरची नजर न हलवता म्हणाल्या, "अहो, बूस्टर असलेली रेंज वाढवतो ना? मग नसलेली कशी वाढवेल?"

दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "शून्याला कितीनेही गुण." हे बाबांचं वाक्य होतं. आम्ही दोघेही हसलो, पण वाजले होते साडेसात.

जेमतेम तीस मैलांवर एक गाव होतं आणि तिथे सार्वजनिक लायब्ररी होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, का ते पुढे कळेल. आता मोटरहोममधून प्रवास करण्याची गंमत अशी की दुकानात कोथिंबीर आणायला जायचं तरी घर घेऊन जावं लागतं. विजेची जाड वायर काढा, पाण्याची नळी काढा, सांडपाण्याचा पाइप हातमोजे घालून काढा, चाकांखालचे ठोकळे काढा, कपाटांच्या कड्या लावा. सगळं काढून झालं तरी आम्ही उभेच, कारण कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. खिचडी अर्धवट सोडून वहिनी स्वर्गातही जाणार नाहीत.

लायब्ररी म्हणजे एक बैठी इमारत, पाच वाजताच बंद झालेली. काचेवर आतून चिकटवलेला कागद: वायफाय रात्रंदिवस सुरू, पासवर्ड नाही. पार्किंगमध्ये तीन गाड्या उभ्या होत्या, दिवे बंद, आणि प्रत्येकीत निळसर उजेडात एकेक चेहरा. मला एकदम गावदेवीच्या पारावर अंगात यायची वाट बघत बसलेल्या बायका आठवल्या.

फाइल चढायला लागली. दोन टक्के. दोनच टक्के. तेवढ्यात खिडकीवर टकटक झाली. वहिनींनी आधी दाराची कडी तपासली. बाहेर सत्तरीची एक बाई, डोक्याला लोकरी टोपी, मागे पिकअपमध्ये एक म्हातारा कुत्रा.

"तुमचं घर चुकीच्या जागी उभं आहे," ती म्हणाली. "वायफायचा डबा मुलांच्या पुस्तकांच्या खोलीत आहे. त्या खिडकीतून बाहेर येतं. सायकलच्या स्टँडपर्यंत मागे घ्या आणि त्या बाजूची काच उघडा. तुमच्या पत्र्यातून ते आत शिरत नाही."

वहिनींनी घर मागे घेतलं. बाई टॉर्च हलवून दिशा देत होती, आपल्याकडे एसटी मागे घेताना कंडक्टर देतो तशी. काच उघडली. थंडी आत आली आणि चौदा टक्के झाले. दादा आपल्या बूस्टरकडे न बघता बाहेर उतरला आणि तिच्याशी बोलू लागला; मला उघड्या काचेतून ऐकू येत होतं.

तिचं घर चाळीस मैल आत, गुरांच्या रानात. आठवड्यातून दोनदा ती इथे येते. कशाला? बुद्धिबळाला. नॉर्वेतल्या एका गृहस्थाबरोबर तिचा डाव चालू होता. इथे यायचं, त्याची चाल उतरवून घ्यायची, आपली पाठवायची, घरी जाऊन दोन-तीन दिवस पटापुढे बसायचं.

"पण आता उपग्रहाची थाळी मिळते," दादा उत्साहाने म्हणाला. वर सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर ते उपग्रह कसे फिरतात, पूर्वीचे कसे छत्तीस हजारांवर असायचे, म्हणून आवाज उशिरा यायचा, सगळं त्याने सांगितलं. "घरबसल्या खेळाल."

"माहितेय, मुलगा मागे लागलाय. पण मग तो नॉर्वेवालाही लगेच खेळेल ना."

दादाकडे यावर अँटेना नव्हती.

मग तिने विचारलं, तुमचं एवढं काय अडलंय? मी टॅबलेट खिडकीशी धरला. तिला रफार दाखवला. अक्षराच्या डोक्यावरची ती एवढीशी आकडी. ती नसली तर शाळामास्तर तमाशात जातो, असं दादाने तिला कसंबसं समजावलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"अशा किती?"

"एकसष्ट."

"आणि त्यासाठी तुम्ही घर हलवलंत," ती म्हणाली. तिला ते पटलेलं दिसलं. जाताना एवढंच म्हणाली, की या जागेबद्दल फार कोणाला सांगू नका, शुक्रवारी आधीच गर्दी होते.

बासष्ट टक्क्यांवर फाइल अडकली. मग शेजारच्या गाडीतल्या पोराने आपला गृहपाठ की खेळ जे काय होतं ते आवरलं, गाडी सुरू करून निघून गेला, आणि त्याच्या वाटचं वायफाय आमच्याकडे आलं. सत्तर, पंच्याऐंशी, गेली. नऊ वाजून चार मिनिटं. वहिनींनी खिचडी वाढायला घेतली.

दुसरा घास तोंडात असताना संपादकांचं उत्तर आलं. "मिळालं, आभार. ऐनवेळी एक जाहिरात आलीय. अर्धं पान कमी करता येईल? वीस मिनिटांत कळवा."

मराठीत ज्या शब्दांना दिवाळी अंकातही जागा मिळत नाही, ते मी उच्चारले. दादा शांतपणे खिचडीत तूप कालवत म्हणाला, "तो विमानतळाचा परिच्छेद काढ. बरोब्बर अर्ध्या पानाचा आहे."

म्हणजे त्याने मोजला होता. मी तो परिच्छेद पुन्हा उघडला. सहार विमानतळावर बाबा त्याची बॅग तोलताहेत आणि बोटांवर हिशेब करून सांगताहेत, की उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा, म्हणजे तुझी रात्र झाली की आमची सकाळ. तो भरभर वाचून गेला होता, त्यामुळे माझे तिथले दोन रफार निसटले होते. मी ते लावले. त्रेसष्ट. मग शेवटून दुसरा, बाबांच्या निरोप समारंभाचा परिच्छेद काढायला सांगितला, ज्यात माझं भाषण होतं आणि टाळ्या होत्या. तो अर्ध्या पानाहून दोन ओळी जास्तच भरला.

नंतरचे तीन दिवस ग्रेट बेसिनमध्ये गेले: गुहा पाहिल्या, हजारो वर्षांची वाकडीतिकडी झाडं पाहिली, वहिनींचे शिक्के पूर्ण झाले.

पण त्या रात्री लायब्ररीपासून निघण्याआधी वहिनींनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात खिचडी भरली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि पिकअपच्या काचेवर टकटक केली. बाईने काच खाली केली, पण वर पाहिलं नाही. एक बोट उंच करून थांबा म्हणाली. तिच्या मांडीवर पट होता. कुत्र्याने डब्याचा वास घेतला.